तिला ‘लक्ष्मी’ कुणी केलं?

२००८ साली जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली एक बाई सापडली. उंची जेमतेम सहा सेंटिमीटर, वय किमान ३५ हजार वर्षं. तिला डोकंच नाही. त्या जागी कोरलीय एक कडी! म्हणजे कुणीतरी तिला दोऱ्यात ओवून अंगावर घालत असणार. तरी नाव काय पडलं? व्हीनस. बाई दिसली की देवी करून टाका, हा फंडा एकदम ग्लोबल आहे बॉस.

आपल्याकडची केस तर आणखी सही. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत, १९३८ साली एका घरात भारतातून गेलेली हस्तिदंती बाई निघाली. अंगभर दागिने, कपडे जवळपास नाहीत. दोन बाजूंना चिमुकल्या दासी, हातात शृंगाराचं सामान. हिचं बारसं झालं ‘पॉम्पेई लक्ष्मी’. हातात कमळ नाही, शेजारी हत्ती नाहीत (हत्ती आहे तो फक्त दातापुरता!), तरी लक्ष्मी. आणि नेपल्सच्या म्युझियमने तिला ठेवलं कुठे, तर कामुक वस्तूंच्या ‘गुप्त दालनात’. नावाने देवी आणि मुक्काम कुलपात, कमाल आहे ना?

सातारा-सांगलीच्या जुन्या वाड्यांतली फणेरपेटी आठवा. झाकणात आरसा, आत फणी, करंडा, मेणाची डबी. ही बाई मला त्या दुनियेतली वाटते. तिच्या डोक्यात वरून खाली भोक पाडलेलं आहे. ती आरशाची मूठ होती की फर्निचरचा पाय, यावर अभ्यासक भांडतात. दासींच्या हातातलं सामान बघता माझं मत आरशाला.

आधी वाटलं, ती मथुरेची. पण तिच्यासारख्याच हस्तिदंती बायका आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आणि दख्खनचा दावा भक्कम झाला. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, जिल्हा धाराशिव. सातवाहन काळात इथला माल भडोच बंदरातून थेट रोमन जगात जायचा. गावातल्या लामतुऱ्यांनी वर्षानुवर्षं जुन्या वस्तू जमवल्या, त्यातूनच तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तेरची हस्तिदंती बाई त्याच संग्रहातली.

मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरकडे जाणारी रेल्वे त्याच पट्ट्यातून जाते. सातारकरांनी आधी पंढरपूर गाठावं. लाँग वीकएंडला महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा हे केव्हाही परवडलं.