पाने दिसतात, मुळांचे काय?

गेल्या दिवाळीत बडोद्याला, मकरपुऱ्यात मावसबहिणीकडे गेलो होतो. भाची अभियांत्रिकी शिकते. विश्वामित्री नदीच्या पाणलोटात पाऊस पडला की नदीला पाणी किती येईल, याचे गणित ती संगणकावर मांडते आहे. ऑगस्ट २०२४ चा पूर सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून हा विषय नुसता मार्कांपुरता नाही.

पाऊस, उतार, माती भरून झाले. गाडी अडली झाडांपाशी. एक चौरस मीटर जमिनीवर पाने किती चौरस मीटर? मुळे किती खोल? पाने थोडा पाऊस वरच्यावर झेलतात. मुळे मातीतले पाणी शोषून पुढच्या पावसाला जागा करतात. हे आकडे चुकले की पुराचा अंदाजही चुकतो.

‘स्वॅट’ हा तिचा प्रोग्रॅम अमेरिकेच्या कृषी खात्यातला. त्याच्यासोबत झाडापिकांचा तयार तक्ता मिळतो. पण तिकडची झाडे थंडीत पाने गाळतात. आपला साग उन्हाळ्यात उघडा पडतो आणि पावसाबरोबर पालवतो. तोच तक्ता इथे कसा चालेल?

पानांचे आकडे उपग्रहांवरून दर आठ दिवसांचे फुकट मिळतात. मुळे मात्र वरून दिसत नाहीत.

आमच्या सौ.चे माहेर कन्नड. ती म्हणाली, “आमच्या अप्पांना विचार. जोळाचं बेरु किती खोल जातं, ते हात करून दाखवतील.”

भाचीने वहीत लिहून घेतले : शेतकऱ्यांना विचारणे, खड्डा खणून मोजणे.

तुमच्याही घरी असे अप्पा, आजोबा असतील. विचारून ठेवा.