शिपायांआधी शेत

युद्धाचा देखावा उभारताना अनेकजण आधी शिपाई रंगवायला घेतात. आमच्या मते आधी वेळ ठरवावी, मग जमीन. विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईच्या प्रतिकृतीसाठी १८ जून १८१५ची संध्याकाळ निवडली, सातच्या सुमाराची. १८३०मध्ये तो त्या रणभूमीवरच्या शेतवाडीत महिनोन्‌महिने राहिला, चढउतार मोजले. लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रांतून विचारलं : तुमची तुकडी कुठे होती, समोर कोण होतं, शेतात पीक कोणतं होतं? पिकाबद्दल विचारणारा हा माणूस आम्हाला फार मोठा वाटतो. प्रतिकृती १८३८मध्ये लंडनला लोकांसमोर आली. तिच्यात दाखवलेल्या प्रशियन सैन्याच्या जागेवरून वाद पेटला, कारण विजयाचं श्रेय ब्रिटिशांचं किती आणि त्यांच्या बाजूने लढलेल्या प्रशियनांचं किती, हे त्या जागेवर ठरत होतं. या अंकातले लेख वाचून देखावा करायला घ्याल, तेव्हा रंगाच्या डब्या उघडण्याआधी असेच प्रश्न लिहून काढा.