आपला माल, परक्याचा गल्ला

क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने २०११ मध्ये हाती धरून खेळावयाचे ‘थ्रीडीएस’ यंत्र आणले. उठाव मंद, सहा महिन्यांच्या आतच अमेरिकेतील किंमत सुमारे २५० डॉलरवरून १७० वर आणावी लागली. मारिओचे खेळ मोबाईलवर विका, असा काही गुंतवणूकदारांचा आग्रह होता. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी तो मानला नाही. उलट स्वतःचे वेतन निम्मे केले. (आपल्यात असे किती शेठ निघतील?)

माझ्या मते त्यांचा हिशेब पक्का होता. ॲपलच्या गल्ल्यावर तेव्हा शेकडा ३० दलाली जाई आणि गिऱ्हाईकही त्याचेच होते. सेगाने २००१ मध्ये यंत्रे सोडून प्रतिस्पर्ध्यांकडे खेळ नेले खरे, पण तिची स्वतःची पेढीच उठली होती. २०१६ मध्ये मारिओ आयफोनवर गेला, तो वानगीपुरता: आरंभीचे टप्पे फुकट, पुढचे १० डॉलरला.