औषध झाडातून येतं, मग सरळ झाडपालाच का नको?

"डॉक्टर, केमोची औषधं पण झाडांपासूनच बनतात म्हणे. मग आईला सरळ पानंच दिली तर?" हा प्रश्न ओपीडीत पूर्वी अधूनमधून यायचा. नोव्हेंबर २०२४ पासून तो वारंवार येतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मोबाईलवरचा एक व्हिडिओ असतो.

त्या महिन्यात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग आहार बदलून गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस, गोड बंद आणि दोन जेवणांत मोठं अंतर. काही दिवसांतच टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढलं. हळद-कडुनिंबाने कर्करोग बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, चालू उपचार थांबवू नका, असं त्यात होतं. संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी लक्षात आणून दिलं की त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, आणि गुण आला तो त्यामुळे. पुढे सिद्धू यांनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांना जोड म्हणून घेतल्याचं सांगितलं. हे स्पष्टीकरण मला मात्र आजवर एकाही नातेवाईकाने मोबाईलवर दाखवलेलं नाही.

तुमचा प्रश्न वेडगळ नाही. रक्ताच्या कर्करोगात लहान मुलांना दिलं जाणारं व्हिनक्रिस्टीन दारातल्या सदाफुलीतून मिळालं. पॅक्लिटॅक्सेल मूळचं 'यू' नावाच्या अमेरिकन झाडाच्या सालीतलं. आणि एक झाड तर आपल्या सह्याद्रीतलंच आहे, नरक्या. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलात त्याची चोरटी तोड होते, लाकूड पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याच्या लाकडात आणि सालीत कॅम्प्टोथेसिन असतं, म्हणून त्याला भाव आहे. हे रसायन आधी एका चिनी झाडात सापडलं. शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, जन्माने नंदुरबारचे. अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी ते १९६६ साली जगापुढे आणलं.

पेशीचं विभाजन होताना डीएनएचा पीळ सुटावा लागतो. त्यासाठी एक विकर डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं जोडायच्या आधी त्याला अडकवून ठेवतं. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते.

इतकं नेमकं काम करणारं रसायन, तरी झाडातून निघालं तसं ते माणसांना देता आलं नाही. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून सत्तरच्या दशकात रुग्णांना दिला गेला. क्षार करताना रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषधाचा जोर जातो. लघवी आम्लधर्मी असते, तिथे तेच कडं पुन्हा बंद होतं, म्हणजे औषध गाठीऐवजी मूत्राशयात जागं होतं. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रसायनतज्ज्ञांनी रेणूत बदल केले, आणि १९९६ साली अमेरिकेत टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन औषधांना मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार चालू असतील तर इरिनोटेकॅन हे नाव कदाचित तुमच्या फाईलमध्येही असेल.

झाडापासून सलाईनच्या बाटलीपर्यंत तीस वर्षं गेली ती यासाठी. आजही इरिनोटेकॅनचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. काहींचं शरीर ते जन्मतःच हळू बाहेर टाकतं, त्यांना नेहमीचा डोसही जास्त होतो, जुलाब आवरत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात. काढ्यात औषध किती उतरलं हे कोण मोजणार? पानं कोवळी की जून, कुठल्या मातीतली, यावरही ते बदलतं.

हळदीचं थोडं वेगळं आहे. कर्क्युमिन प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीतल्या कर्करोगपेशी मारतं हे खरं, पण तोंडाने घेतलेलं फारच थोडं रक्तात पोहोचतं. म्हणून बाजारातल्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपेरिन घालतात, आणि काळजी तिथे सुरू होते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांच्या एका छोट्या अभ्यासात, कर्क्युमिन आणि पिपेरिन सोबत दिल्यावर टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप रक्तात कमी झालं. अशा कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याचीही उदाहरणं आहेत. वरण-भाजीतली हळद खुशाल खा, आम्ही बोलतोय ते डबीतल्या हळदीबद्दल.

केमोच्या दिवसांत मला जास्त धास्ती वाटते ती उपासमारीची. साखर तोडली की गाठ सुकते म्हणून घरचे पोळी, भात, फळं सगळं बंद करतात. गाठ सुकत नाही, पेशंट सुकतो. वजन उतरलं की पुढची सायकल लांबते किंवा डोस कमी करावा लागतो. दूध, डाळी, अंडी, चालत असतील तर मासे, हे सगळं चालू ठेवा. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या पानांचा रस नको. तोंड आलं असेल तर लिंबूपाणीही झोंबेल.

यात आमचीही चूक आहे. "काय खायचं?" या प्रश्नाला घाईत "सगळं खा" म्हणून आम्ही पुढचा पेशंट बोलावतो, आणि उरलेलं उत्तर व्हॉट्सॲप देतं. तेव्हा पुढच्या वेळी येताना घरात चालू असलेली प्रत्येक डबी, पुडी, काढ्याची बाटली पिशवीत घालून आणा, नाहीतर निदान लेबलचा फोटो काढा. आम्ही रागावू या भीतीने लपवू नका. रक्ततपासणीत यकृताचे आकडे अचानक वाढले तर आम्हाला पहिल्यांदा तीच पिशवी बघायची असते.