हूक ९५, म्हणून काय झालं?

मंडळी, बोलिंग म्हटलं की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा जामठा येतं. पण आज विषय दुसऱ्या बोलिंगचा. महिनाअखेरचं टार्गेट संपलं की ऑफिसची गँग मॉलमध्ये जाऊन दहा पिना पाडते ना, ती. तिचा नाद लागला की पुढची पायरी ठरलेली : स्वतःचा बॉल! मिहानमधल्या माझ्या एका मैत्रिणीचं सध्या तेच चाललंय. बोनस हातात आलाय आणि रोज एका नव्या बॉलचा फोटो मला येतो. "अगं, याचं हूक रेटिंग ९५ आहे. घेऊन टाकू?"

थांब बाई! आधी या आकड्यांचा फंडा समजून घेऊ.

हूक रेटिंग म्हणजे बॉल लेनवर किती वळू शकतो, याचा कंपनीने दिलेला अंदाज. ते परीक्षेतले मार्क नव्हेत. सावजीच्या तिखटासारखं समजा. जास्त तिखट म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, खाणारा कोण ते बघावं लागतं. शिवाय प्रत्येक कंपनीची मोजपट्टी आपापली. एकीचे ९५ आणि दुसरीचे ८० यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आर. जी. आणि डिफरन्शियल हे आकडे मात्र खरोखर मोजलेले असतात. बॉलच्या पोटातलं वजन मध्याजवळ आहे की कडेला, हे आर. जी. सांगतो. नियमाप्रमाणे तो २.४६ ते २.८० इंचांत हवा. कमी असेल तर बॉल लवकर गोल फिरायला लागतो, जास्त असेल तर आधी लांब घसरत जातो. डिफरन्शियल जितकं जास्त, तितकी वळायची ताकद जास्त. त्याची कमाल मर्यादा ०.०६०. पण या दोन्हींपेक्षा मोठा फरक पाडतं ते बॉलचं वरचं आवरण. पॉलिएस्टरचा बॉल बऱ्यापैकी सरळ जातो, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा बॉल कोरड्या जागी लेनला पकडून वळतो.

कोरडी जागा म्हणजे? तीच तर गंमत आहे. रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फुटांची. स्पर्धेत त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेलाचा पातळ थर असतो. तेल किती आणि कुठवर, यावर सगळा खेळ. पुन्हा जामठ्यालाच चला. नोव्हेंबर २०१५ च्या कसोटीत दक्षिण आफ्रिका ७९ वर गारद झाली, अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले, तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास. नंतर आयसीसीने खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला. अश्विनचं कौशल्य होतंच, पण तसाच चेंडू प्रत्येक मैदानावर तसा वळत नाही. इथंही तेच. कोरड्या लेनवर ९५ वाला बॉल वेळेआधीच वळून पिना चुकवेल. आणि हातातून फिरकीच सुटत नसेल, तर ते ९५ बॉक्सवरच राहणार.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या मनगटाचं काय, हे कुठलंच रेटिंग सांगत नाही. बॉल जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा असू शकतो. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या हाताने तो पेलायचाय! वजन झेपत नसेल किंवा अंगठ्याचं भोक सैल असेल, तर आपण बॉल आवळून धरतो आणि सोमवारी माउस धरतानाही कळ येते.

म्हणून मैत्रिणीला माझा सल्ला : पहिला बॉल पॉलिएस्टरचा, झेपेल त्या वजनाचा आणि स्वतःच्या हाताच्या मापाने भोकं पाडलेला घे. पैसे वाया जात नाहीत. पुढे वळणारा बॉल घेतला तरी उरलेली एखादी पिन पाडायला हाच सरळ जाणारा बॉल लागतो. तुम्हीही ऑर्डर करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. माझ्या नेहमीच्या लेनवर तेल किती असतं? हाताचं माप कोण घेणार? भोकं कोण पाडणार? तिन्हींची उत्तरं मिळाली, की मग खुशाल हूक रेटिंग बघा!