लिहिलं म्हणजे पोचलं का?

सदर : बाईंच्या फळ्यावरून

बालमित्रांनो,

आज लेखनाबद्दल बोलायचं आहे. घाबरू नका, शुद्धलेखन घालणार नाही! कॉम्प्युटर डिस्कवर कसा लिहितो, आणि ते लिहिलेलं केव्हा पक्कं झालं म्हणायचं, याची ही गोष्ट. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल.

आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघतं. या खेपेला चौथीच्या मुलांनी हट्ट धरला, "बाई, यंदा कॉम्प्युटरवर टाइप करून छापू या." शाळेत लिनक्सवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. मधल्या सुट्टीत एकेका बोटानं अक्षरं शोधत तेवीस मुलांनी आपापलं लेखन टाइप केलं. एका मुलीनं आजीकडून जात्यावरच्या ओव्या घेतल्या. ती रोज दोन-तीन ओव्या पाठ करून यायची आणि टाइप करायची. वहीत काही उतरवलेलं नव्हतं. अशा अकरा ओव्या झाल्या. सगळ्यांचं लेखन एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल होती पेन ड्राइव्हवर.

शेवटच्या दिवशी मला पाचची एसटी गाठायची होती. 'सेव्ह' केलं, पेन ड्राइव्ह उपटला, पर्समध्ये टाकला आणि पळाले. तालुक्याच्या छपाईवाल्याकडे जाऊन बघते तर काय, फाइलचं नाव जागच्या जागी, पण आत एक अक्षर नाही!

बाकीच्यांनी वहीतून पुन्हा टाइप केलं. ती मुलगी पुन्हा आजीजवळ जाऊन बसली. आजीला नऊ ओव्या आठवल्या. दोन काही केल्या आठवेनात.

मुलं मला काही बोलली नाहीत, पण मला चैन पडेना. मी सेव्ह तर केलं होतं, मग गेलं कुठं?

कच्ची वही, पक्की वही

तुम्ही वर्गात बाई सांगतात तसं भराभर कच्च्या वहीत लिहिता, आणि घरी गेल्यावर सावकाश पक्क्या वहीत उतरवता. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. फिरत्या हार्ड डिस्कला हवी ती जागा गाठायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. मेमरीचं काम त्याच्या लाखाव्या हिश्शात उरकतं! म्हणून तुम्ही 'सेव्ह' म्हणालात की मजकूर आधी मेमरीतल्या कच्च्या वहीत जातो. तिला 'पेज कॅश' म्हणतात. कॉम्प्युटर लगेच "झालं हं!" असं सांगून मोकळा होतो. डिस्कच्या पक्क्या वहीत उतरवायचं काम तो मागाहून करतो. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत नवा मजकूर अर्धा मिनिटसुद्धा कच्च्या वहीत पडून राहू शकतो.

वीज गेली की मेमरी कोरी होते. पेन ड्राइव्ह उपटला तर पक्की वहीच निघून जाते, उतरवणार कशात? शिवाय बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना जुनी फाइल आधी रिकामी करतात आणि मग नवा मजकूर भरतात. आमची फाइल नेमकी त्या दोन्हींच्या मध्ये सापडली असणार. जुनं पुसलं गेलं, नवं पोचलं नाही, उरलं फक्त नाव.

"बाई, मग थेटच का नाही लिहायचं?"

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. प्रश्न बिनतोड होता! कच्ची वही वगळून थेट डिस्कवर लिहायची सोय खरोखरच आहे. लिनक्समध्ये तिचं नाव 'ओ-डायरेक्ट'. स्वतःची कच्ची वही बाळगणारे मोठमोठे डेटाबेस ती वापरतात. पण थेट लिहायचं तर फाइल सिस्टिमला, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठं आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला, फार काळजी घ्यावी लागते.

पहिली काळजी मापाची. डिस्क एकेक अक्षर घेत नाही. ती ५१२ किंवा ४०९६ बाइटचे पुरे ठोकळेच घेते. थेट लिहिताना मजकूर त्या मापात बसला नाही, तर बहुतेक वेळा फाइल सिस्टिम तो सरळ परत पाठवते.

दुसरी काळजी दोन प्रतींची. समजा, तीच फाइल आधी कुणीतरी उघडली असल्यानं तिची एक प्रत कच्च्या वहीत आहे. आता आपण थेट पक्क्या वहीत नवं लिहिलं. मग कच्च्या वहीतून वाचणाऱ्याला जुनंच दिसेल, हो ना? म्हणून फाइल सिस्टिम आधी त्या भागातलं राहिलेलं पक्क्या वहीत उतरवते, मग थेट लेखन करू देते, आणि शेवटी कच्च्या वहीतली ती पानं बाद करते.

तिसरी काळजी जागेची, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. थेट लेखन वाटेत असतानाच कुणी ती फाइल कापून छोटी केली आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्या फाइलला दिली तर? पत्र पोचेपर्यंत घरात नवा भाडेकरू यावा, तसं व्हायचं! एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाइलवर जाऊन बसेल. म्हणून वाटेतलं प्रत्येक थेट लेखन पुरं होईपर्यंत फाइल सिस्टिम थांबते, आणि मगच जागा मोकळी करते.

आता गंमत ऐका. एवढं सगळं सांभाळून थेट लिहिलं, तरी ते पक्कं झालं असं नाहीच! बहुतेक डिस्कच्या पोटात तिची स्वतःची एक छोटी कच्ची वही असते. मजकूर तिच्यात पडला की डिस्कही "झालं हं!" म्हणते. म्हणजे 'थेट' आणि 'पक्कं' हे दोन वेगळे शब्द आहेत.

पोचपावती मागा

मग पक्कं कधी समजायचं? पोचपावती मिळाल्यावर. प्रोग्रॅमनं तशी मागणी करायची असते. त्या आज्ञेचं नाव 'एफसिंक'. तिचा अर्थ असा, "या फाइलचं जे काही राहिलं असेल ते डिस्कवर उतरव, डिस्कच्या पोटातलंही खाली कर, आणि मगच मला हो म्हण." त्याला वेळ लागतो, पण त्या 'हो'ला अर्थ असतो.

आणि पावतीऐवजी "नाही पोचलं" असं उत्तर आलं तर? २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल नावाचा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. लिनक्सवर एकदा "नाही पोचलं" असं उत्तर आल्यावर पुन्हा विचारलं, तर कधी कधी "सगळं ठीक" असं उत्तर यायचं, मजकूर पोचलेला नसतानाही! त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली. आता असं उत्तर आलं की तो डेटाबेस काम थांबवतो आणि पुन्हा सुरू होताना आपल्या नोंदवहीतून सगळं नव्यानं लिहून काढतो. "नाही" ऐकल्यावर पुढं रेटायचं नाही, हा धडा मोठ्यांनाही मिळाला.

नोंदवहीवरून आठवलं. तुमच्या गावातल्या जुन्या दुकानदाराकडे दोन वह्या पाहिल्यात का? व्यवहार झाला की तो आधी किर्दीत नोंदतो आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढवतो. मध्येच दिवे गेले तरी किर्द बघून खतावणी पुरी करता येते. फाइल सिस्टिमही अशी किर्द ठेवतात. विंडोजची एनटीएफएस १९९३ पासून, आणि लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत २००१ मध्ये आलेली ईएक्सटी-३ ही त्यातली नावं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही किर्द बहुधा कोणती फाइल कुठं आहे एवढाच हिशेब राखते, आतला मजकूर नाही. आणि पेन ड्राइव्हवर सहसा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असते, तिच्यात अशी किर्दच नसते.

आपण काय करायचं?

एक, पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करायचं आणि "आता काढा" असा निरोप येईपर्यंत थांबायचं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून पेन ड्राइव्हसाठी कच्ची वही सहसा बंद असते, तरी सवय सोडू नका. कॉपी चालू असताना उपटला तर कुठलीच युक्ती वाचवणार नाही.

दोन, महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

तीन, तुमच्यापैकी कुणी पुढं प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा जुनी फाइल आधी पुसू नका. नवी प्रत वेगळ्या नावानं लिहा, पोचपावती घ्या आणि मगच तिला जुन्या फाइलचं नाव द्या. म्हणजे मध्ये वीज गेलीच, तर निदान जुनं तरी हाताशी राहील.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक विनंती. घरातले फोटो, आजोबांच्या आवाजातल्या गोष्टी, हे सगळं एकाच पेन ड्राइव्हवर असेल तर या रविवारी मुलांना शेजारी बसवून दुसरी प्रत काढा.

घरचा अभ्यास : मोठ्यांच्या देखत एक मोठी फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करा. "झालं" असं दिसल्यावर 'इजेक्ट' म्हणा आणि निरोप यायला किती सेकंद लागतात ते मोजा. पेन ड्राइव्हला दिवा असेल तर तो कधी लुकलुकायचा थांबतो तेही बघा. आकडे मला पत्रानं कळवा.

आणि हो, आमचा अंक छापून आला. ओव्यांच्या पानावर नऊ ओव्या आहेत, आणि खाली दोन ओव्यांपुरती जागा आम्ही कोरी सोडली आहे. आजीला आठवल्या, की ती मुलगी त्या आपल्या हातानं पेननं लिहिणार आहे.

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या,
बाई