विकलेलं परत आलं तर?

घरबसल्या मोबाइलवर साड्या, परकर-पोलकी, मसाले विकणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळ जणी आहेत. फोटो कसा काढावा, किंमत काय लावावी, याचा विचार आपण चार-चार दिवस करतो. पण विकलेली वस्तू परत आली तर काय करायचं, हे ठरवलंय का? माझंही ठरलेलं नव्हतं.

एका संक्रांतीला एका बाईंनी लहान मुलीसाठी शिवलेली काळी चंद्रकळा मागवली. आठव्या दिवशी पार्सल परत! आत चिठ्ठी, ‘रंग आवडला नाही.’ घडी उलगडली, तर निऱ्यांतून हलव्याचे दोन दाणे टपकन खाली पडले. बोरनहाण थाटात पार पडलं होतं, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

राग आला हो! पण बोलणार काय? मी कुठं काही लिहून ठेवलं होतं? हे म्हणाले, ‘देऊन टाक पैसे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘मुळीच देऊ नकोस.’ शेवटी साडेआठशे रुपये परत केले. त्याच रात्री वही घेऊन नियम लिहायला बसले. तुम्हीही लिहा.

मुदत : वस्तू हाती पडल्यापासून सात दिवस. आपण पाठवल्यापासून नव्हे.

अवस्था : न वापरलेली, न धुतलेली, किमतीची चिठ्ठी शाबूत असलेली. चिठ्ठी दर्शनी भागी टाका, म्हणजे ती काढल्याशिवाय कुणी मिरवणार नाही!

काय परत नाही : मापावर शिवलेले कपडे, फोडलेली मसाल्याची पाकिटं, कानातली.

खर्च : चूक आपली असेल तर येण्याजाण्याचं कुरिअर आपलं. गिऱ्हाइकाचं मन बदललं, तर परत पाठवण्याचा खर्च तिचा.

पैसे : पार्सल तपासल्यावर किती दिवसांत देणार, तो आकडा लिहा आणि पाळा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहून मोकळं व्हावं, असं तुमच्या मनात येईल. तसं चालत नाही, बरं का! 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. आणि ऑनलाइन विक्रीसाठी 2020 साली जे नियम आले, त्यांत जाहिरातीत दाखवल्याहून वेगळा निघालेला माल परत घ्यायलाही नकार देता येत नाही. म्हणजे ‘मापाचे कपडे परत नाहीत’ असं लिहिलं, तरी माप आपणच चुकवलं असेल तर ते निमूटपणे घ्यायचं.

हे नियम गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी दिसले पाहिजेत. पार्सलमध्येही एक कागद घाला. भाषा साधी ठेवा, वकिली नको.

आणि हो, नियम आपल्यालाही बांधतात. परवाच एक साडी परत आली. ‘फोटोत निळी होती, ही तर जांभळी आहे.’ फोटो ताडून पाहिला, तर बाईंचं खरं होतं! मी तो रात्री ट्यूबलाइटखाली काढला होता. मनात आलं, एवढ्याशा फरकाला काय होतंय? पण नियम माझ्याच हातचा. संध्याकाळी कुरिअरच्या खर्चासकट पैसे पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात नवा फोटो काढला. या खेपेला घरात कुणाला काही विचारावं लागलं नाही, की रात्री झोपही उडाली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचं पार्सल बांधण्याआधी वहीचं एक पान यासाठी राखून ठेवा. वाद घालताना सुचलेला नियम कुणालाच पटत नाही, आधी लिहिलेला मात्र दोघींनाही पटतो.